एकच पट्टी लाल

आमच्या शिन्चू शहरात वारा इतका, की दुकानाची पाटी दोन वर्षे जागेवर राहिली तर मालकाने स्वतःला नशीबवान समजावे. पेंग रुई-युआनच्या दुकानाची पाटी मात्र कधी उडाली नाही, कारण त्याने ती कधी लावलीच नाही. रंगवून आणली, आत भिंतीला टेकवून ठेवली आणि "उद्या लावतो" म्हणाला. तिच्यावर धूळ बसली, मग तिच्यापुढे रिकामी खोकी आली, मग खोक्यांपुढे त्याच्या आईची चाकाची खुर्ची आली आणि पाटीचा विषय संपला.

माझे दुकान त्याला लागूनच. मी पंखे, वायरी, चार्जर असले बारीकसारीक विकते. मधली भिंत प्लायवूडची आहे, त्यामुळे युआनकडे काय चालले आहे हे कळायला मला कान लावावा लागत नाही. न ऐकायचे ठरवले तरच कष्ट पडतात, आणि तेवढे कष्ट मी कधी घेतले नाहीत.

त्याचा धंदा काँप्युटर तापवण्याचा, असे मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "तापवतं कुणीही, आ-च्यू. मी गार करतो." ते खरेच होते. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या वर प्रोसेसर पळवायचा, याला ओव्हरक्लॉक करणे म्हणतात. गेम खेळणारी पोरे, लग्नाचे व्हिडिओ जोडणारे, सायन्स पार्कातले इंजिनियर, सगळ्यांना तो नाद. वेग वाढवला की मशीन तापते, हे ओघाने आलेच. पण प्रोसेसर म्हणजे काही एक माणूस नव्हे. त्याच्या पोटात सहा-सहा, आठ-आठ कोअर असतात. एकेक कोअर म्हणजे एकेक कामकरी, आणि ते सगळे सारखे तापत नाहीत. पाच जण बऱ्यापैकी गार आणि एक जण तापून लाल, असे झाले की पोरे मशीन काखोटीला मारून युआनकडे यायची.

युआन मग वरचा कूलर काढायचा. जुनी वाळलेली पेस्ट पुसायचा. प्रोसेसरच्या झाकणावर पात्याची धार उभी धरून, मागून उजेड पाडून बघायचा. फट दिसली तर झाकण काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासत बसायचा, सगळीकडून सारखे होईपर्यंत. तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, वर कूलर, आणि मग चार स्क्रू. एक या कोपऱ्याचा, मग त्याच्या समोरचा, थोडा थोडा, एकदम एकही नाही. "एक स्क्रू आधी घट्ट केला की कूलर तिरका बसतो," म्हणायचा, "मग एक बाजू गार आणि एक बाजू मेली."

हे सगळे तो जांभया देत करायचा. मी त्याला ताजातवाना असा पाहिलाच नाही. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला माणूस, पण डोळ्यांखाली अशा पिशव्या की गिऱ्हाइके विचारायची, "रात्रभर जागलात का?" तो "हो" म्हणायचा. रोजच हो.

आई त्याच्याकडे होती ना. कंबर मोडल्यापासून तिला उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, रात्री दोन-तीनदा कूस बदलून देणे, सगळे त्याच्याच हातून. म्हातारी अंगाने गेली होती, पण जिभेने नाही. दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलायची, त्यांच्या लग्नाची चौकशी करायची, आणि तिच्या खास कामात कधी खंड पडू द्यायची नाही. ते काम म्हणजे हिरव्या पाकिटांचे. मक्याच्या कुरमुऱ्यांचे हिरवे पाकीट मशीनवर ठेवले की मशीन शहाण्यासारखे वागते, हे आमच्याकडे बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळे मानतात. पाकीट हिरवेच हवे, आणि शिळे झालेले चालत नाही. म्हातारी तारखा बघून पाकिटे बदलायची आणि जुनी मला खायला द्यायची.

एकदा युआन सकाळपासून एका मशीनशी झटत होता. सगळे कोअर तापलेले, का ते कळेना. पेस्ट बदलली, कूलर बदलला. शेवटी मी डोकावून म्हटले, "अरे, मावशीनं पाकीट कुठं ठेवलंय ते बघ." डब्याच्या वरच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते, बरोबर तिथेच.

"आई, भोकांवर ठेवायचं नाही ना!"

"मग कुठं ठेवायचं? डोक्यावरच ठेवतात. आशीर्वाद काय पायावर ठेवतात?"

युआन हसला नाही. त्याने पाकीट उचलून कडेला ठेवले आणि डोळे मिटून दोन मिनिटे तसाच बसला. मला त्या माणसाची कीव यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

कारण त्याला तीन भाऊ होते. चौघांत हा तिसरा. बाप गेला तेव्हा त्यांच्या हाक्का लोकांच्या रीतीप्रमाणे आईची पाळी ठरली. एकेक महिना एकेकाकडे, चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आईची पिशवी आणि आई पुढच्या घरी पोचवायची. दोन फेऱ्या नीट झाल्या. मग थोरल्या सुनेचे ऑपरेशन निघाले. मग दुसरा कारखान्याच्या कामाला समुद्रापलीकडे गेला. धाकट्याचे घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईची कंबर तेव्हाच मोडली. कारणे सगळ्यांची खरी होती, हेच तर वाईट. खोटी असती तर भांडता आले असते. "तूर्त युआनकडे राहू दे," असे ठरले. तो एकटा, बायको नाही, पोरे नाहीत, दुकान आणि घर एकच. म्हातारीही म्हणाली, "युआन करतो. त्याच्याकडेच बरं." भाऊ फोनवरून सल्ले द्यायचे, आईला ऊन दाखव, मीठ कमी घाल. उंटावरून शेळ्या हाकायला काय जाते!

आणि याच सुमाराला फानबाईंचे प्रकरण ऐन रंगात होते. स्टेशनजवळ त्यांचे न्याहारीचे दुकान, सोयाचे दूध आणि अंड्याची धिरडी. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. युआन रोज सकाळी आईसाठी दूध न्यायला जायचा आणि ते गरम असेपर्यंत परत यायचा नाही, यावरून मी काय ते ओळखले होते. बाई सरळ होत्या. मला म्हणाल्या, "आ-च्यू, मी दुकान बंद करतेय. लेकीनं पार पूर्व किनाऱ्यावर ताइतुंगला सीताफळांची बाग घेतलीय, तिकडंच जाते. शरदाची पौर्णिमा झाली की निघाले. त्याला म्हटलंय, ये. पण एकटा ये."

"एकटा कसा येईल तो? आई आहे."

"माहीत आहे. पण मी सासूचं केलंय. अंथरुणातलं सगळं, शेवटपर्यंत. माझ्या जावा सणाला यायच्या आणि मला चुका दाखवायच्या. माझ्यात आता ते उरलं नाही गं. लपवून कशाला ठेवू?"

मला त्यांना वाईट म्हणता येईना. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. युआनला मी खोदून विचारले तर तो कूलरच्या पात्यांमधली धूळ ब्रशने काढत म्हणाला, "नवीन वर्षानंतर बघू."

"त्या पौर्णिमेला चालल्यात. तुझं नवीन वर्ष त्या घेऊन बसणारेत का?"

"मग काय करू, सांग. आईला खोक्यात घालून पाटीमागे ठेवू?"

पत्र्याच्या शटरवर वारा आपटत होता. म्हातारी खुर्चीत मान खाली घालून पेंगत होती, किंवा पेंगत असावी असे आम्हा दोघांना वाटले.

त्यानंतर काही दिवसांनी सायन्स पार्कातला एक इंजिनियर आपले मशीन घेऊन आला. सहा कोअरचे, वेग भरपूर वाढवलेला. तो वेग युआननेच आधी कधीतरी बसवून दिला होता, एकेका कोअरला त्याच्या कुवतीप्रमाणे वेगवेगळा. आता तक्रार अशी, की एक कोअर बाकीच्यांपेक्षा फारच तापतो. इंजिनियर भला माणूस. त्याने मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला, "हे बघा, कधीकधी सगळे एकदम सारखे असतात. मग मध्येच काय होतं?"

युआनने फोटोकडे एकदाच पाहिले. "तेव्हा मशीन रिकामं बसलं होतं," तो म्हणाला. "रिकामे बसले की सगळेच सारखे गार. काम द्या, मग कोण कसा आहे ते दिसतं."

मशीन दोन दिवस दुकानात राहिले. झाकण घासून झाले, पेस्ट झाली, स्क्रू झाले. पाच कोअर आणखी गार झाले आणि तो एक तसाच. युआनने मशीनला भरपूर काम लावून दिले आणि समोर बसून राहिला. पडद्यावर सहा पट्ट्या, पाच हिरव्या आणि एक लाल. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हते. मी माझ्या बाजूला वायरींचे गुंडाळे करत होते आणि पलीकडचे सगळे ऐकू येत होते.

"युआन," म्हातारी म्हणाली, "हा एकच लाल का रे?"

"कुठला?"

"तो, शेवटून दुसरा. काल पण लालच होता. बाकीचे बघ कसे मजेत आहेत."

"तो सगळ्यांत चांगलाय, आई."

"चांगलाय तर मग लाल का?"

"चांगलाय म्हणूनच. मशीनला कळतं ना, कोण जास्त पळतो ते. काम आलं की आधी त्याच्या गळ्यात."

"आणि हे बाकीचे?"

"त्यांना उरलंसुरलं."

"मशीनला कसं कळतं? कुणी सांगतं का त्याला?"

युआनने जांभई दिली. "वेग मीच ठरवलाय. त्याला सगळ्यांपेक्षा जास्त दिलाय."

"का पण?"

"घेतो म्हणून दिला."

माझ्या हातातला गुंडाळा तसाच राहिला.

"मग जळून जाईल की तो."

"जळत नाही. फार झालं की मशीनच त्याला जरा हळू करतं. पण झिजतो. इतरांच्या आधी जातो."

"तो सांगतो का, दुखतंय म्हणून?"

"पट्टी लाल होते ना, आई."

"ती बघणाऱ्याला. बघितली तर."

युआनने त्या कोअरचा वेग कमी करून टाकला. पट्टी लालवरून पिवळ्यावर आली. इंजिनियरला म्हणाला, "थोडं हळू चालेल, पण टिकेल." वेग आपणच जास्त दिला होता, हेही त्याने सांगून टाकले. इंजिनियर हसला आणि मशीन घेऊन गेला. त्या संध्याकाळी म्हातारीने पेज खाल्ली नाही. पोट जड आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी युआन दूध आणायला गेला तसे तिने भिंतीवर काठी आपटून मला बोलावले. "आ-च्यू, माझ्या थोरल्याला फोन लावून दे. आणि युआन येताना दिसला की खाकर."

मी फोन लावून दिला आणि दारात उभी राहिले. ती बोलली ती तिच्या हाक्का भाषेत, आणि ती मला बाजारापुरतीच कळते. आधी तिचा आवाज चढला, मग उतरला, मग पुन्हा इतका चढला की रस्त्यावरचे कुत्रे उठून बसले. शेवटी फोन माझ्या हातात देत म्हणाली, "झालं. मुलाला आईनं सांगायचं असतं, विचारायचं नसतं."

पौर्णिमेला चारही भाऊ जमले. समुद्रापलीकडचासुद्धा आला. आमच्याकडे त्या रात्री शहरभर लोक दाराशी शेगड्या मांडून मांस भाजतात. पेंगांची शेगडीही दुकानापुढच्या फुटपाथवर लागली. कोळशाला वारा कोण घालणार हे कुणी ठरवले नव्हते, पण पुठ्ठा युआनच्याच हातात होता. थोरला रुई-लियांग पपनस सोलत होता. मी माझ्या दारात स्टूल टाकून बसले होते आणि मला अधूनमधून सॉसेज मिळत होते.

म्हातारीने काठी आपटली. "पाळी पुन्हा सुरू. उद्या मी थोरल्याकडे जाते."

मला वाटले, आता सबबींची रांग लागेल. पण एकही सबब आली नाही. थोरला खाली बघून पपनसाची साल आणखी बारीक करत राहिला. ती मान मला लाजेने खाली गेल्यासारखी वाटली, आणि मनात म्हटले, उशिरा का होईना, लाज आली.

बोलला तो युआनच. "दादा, वहिनींना झेपेल का? रात्री कूस बदलावी लागते. आणि मासा दिलास तर काटे..."

"होईल रे," थोरला म्हणाला. "करू काहीतरी."

"तिला डाव्या कुशीवर..."

"तू गप्प बस," म्हातारी म्हणाली. "मला तोंड आहे. डावी की उजवी ते मी सांगेन. तू तुझी पिशवी भर. तिकडं समुद्राची हवा आहे म्हणे, जाड कपडे ने."

युआनच्या हातातला पुठ्ठा थांबला. फानबाईंचे तिला कुणी सांगितले असेल म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले नव्हते, शपथ. पण प्लायवूडच्या भिंतीला दोन बाजू असतात, आणि पेंगणारी म्हातारी सगळ्यांत जास्त ऐकते.

सकाळी थोरल्याच्या गाडीत बसताना तिने युआनच्या हातात एक हिरवे पाकीट दिले. "नवीन जागी मशीनवर ठेव. भोकांवर ठेवू नकोस." मग काच वर करायला लावली.

युआन ताइतुंगला गेला. किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. पहिला आठवडाभर तो नुसता झोपत होता, असे फानबाईंनी फोनवर सांगितले. जेवायला उठायचा, पुन्हा झोपायचा. रात्री मात्र दोनदा आपोआप जाग यायची आणि अंधारात बसून राहायचा, कुणाची कूस बदलायची आहे ते आठवत. मग तेही कमी झाले. गावातल्या पोरांची मशीने दुरुस्त करू लागला. बागेत फळांना पिशव्या बांधू लागला. एकदा त्याने स्वतःचा फोटो पाठवला, आणि मी तो फोटो आमच्या गल्लीभर दाखवत फिरले, कारण त्यात त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या निम्म्या झाल्या होत्या.

रोज संध्याकाळी तो आईला फोन करायचा आणि मग तिची खबरबात मला सांगायचा. थोरल्या सुनेने वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यात मांस शिजवले होते, अगदी मऊ. नातू शेजारी बसून गृहपाठ करतो. महिना संपला तेव्हा म्हातारी म्हणाली, थोरला सोडायलाच तयार नाही, आणखी महिनाभर राहा म्हणतो. मग आणखी एक महिना.

"बघ," युआन म्हणाला, "उगीच आपण लोकांना नावं ठेवतो."

"ठेवली ती काढून घेते," मी म्हटले. मलाही बरे वाटले होते, खोटे कशाला बोलू!

थंडीत, नव्या वर्षाच्या थोडे आधी, तो न कळवता आला. बरोबर सीताफळांचे खोके. सीताफळे म्हणजे ताइतुंगची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकेक फळ दोन्ही हातांत धरावे लागेल एवढे. "आईला अचानक देतो," म्हणाला. खोके जड, म्हणून मी माझी मालाची गाडी काढली आणि आम्ही चुंगलीला थोरल्याच्या घरी गेलो.

दार वहिनीने उघडले. युआनला पाहून तिचा हात दारावरच राहिला.

"आई झोपलीय का, वहिनी?"

"आई... त्या जरा बाहेर..."

"बाहेर? या वाऱ्यात?"

आतून थोरला आला. त्याने एकदा खोक्याकडे पाहिले, एकदा भावाकडे, आणि चपला पायात सरकवून आम्हाला जिन्यात घेऊन आला. त्या जिन्यात उभे राहूनच त्याने सांगितले. आई तिथे एक रात्रही राहिली नव्हती. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती सरळ वृद्धांच्या निवासात गेली, दोन गल्ल्या सोडून.

"तिनंच फोनवर सांगितलं होतं," थोरला म्हणाला. "मी म्हटलं, आई, इकडं ये, आम्ही बघतो. खरं म्हटलं, युआन. ऐकेना. म्हणाली, सामानासारखं या घरातून त्या घरात नको. तुम्ही तिघं मिळून ठेवा मला, पैसे सारखे वाटून द्या, आणि युआनला कळलं तर माझं मेलेलं तोंड बघाल." तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. "आता कुणावर जास्त नाही, कुणावर कमी नाही. रविवारी जातो मी. धाकटापण जातो, जमेल तसा."

रिकामे बसले की सगळेच सारखे गार. युआनचेच शब्द माझ्या कानात वाजले आणि मला इतका संताप आला, की मी थोरल्याला चार गोष्टी सुनावणार होते. पण त्याच्याही डोळ्यांत पाणी होते. मी ओठ आवळून गाडीत जाऊन बसले.

निवास स्वच्छ होता. तेवढे कबूल केले पाहिजे. लांब व्हरांडा, टोकाला बसायची खोली, तिथे भिंतीवर टीव्ही आणि टीव्हीसमोर अर्ध्या वर्तुळात खुर्च्या. म्हातारी कडेला होती, आमच्याकडे पाठ करून. केस कुणीतरी आखूड कापले होते. मांडीवर मोबाईल, दोन्ही हात त्याच्यावर. टीव्हीकडे ती बघत नव्हती.

मी पुढे जाऊ लागले तर युआनने माझी बाही धरली. व्हरांड्याच्या खांबाआड उभा राहिला आणि त्याने फोन लावला.

तिच्या मांडीवर वाजला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. शेजारणीला हाताने खुणावले, टीव्हीचा आवाज कमी कर.

"युआन? आज लवकर केलास रे."

"असाच. काय करतेस, आई?"

"काय करणार! बसलेय. थोरली कोबी चिरतेय इथं समोर. चाकूचा आवाज येतोय का?" आणि तिने काठीने खुर्चीच्या पायावर टक्, टक्, टक् केले. मी व्हरांड्यातून ते डोळ्यांनी पाहिले.

"येतोय," युआन म्हणाला.

"तू जेवतोस का नीट? फानबाई ओरडत नाही ना?"

"नाही ओरडत."

"झोप?"

"लागते."

"मग झालं तर. ठेव आता, इथं पानं वाढतायत."

तिने फोन मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर पुन्हा दोन्ही हात ठेवले. टीव्हीचा आवाज मोठा झाला. युआन खांबाला डोके टेकून उभा होता. मला वाटले आता जाईल, खुर्ची ढकलत बाहेर आणेल, गाडीत बसवेल. माझ्या गाडीत जागा होती. मी मनातल्या मनात खोके मागे सरकवलेसुद्धा.

"जा ना," मी हळूच म्हटले. "घेऊन जाऊ तिला घरी. किल्ली माझ्याकडेच आहे."

"घरी नेली तर तिनं केलं ते सगळं वाया जाईल, आ-च्यू."

"आणि नाही नेली तर?"

त्याने गाडीतून सीताफळांचे खोके काढले, व्हरांड्याच्या तोंडाशी टेबलापाशी बसलेल्या बाईंकडे नेले आणि म्हणाला, "पेंग आजींना द्या. थोरल्या मुलानं पाठवली म्हणून सांगा. आणि रात्री त्यांना डाव्या कुशीवर फार वेळ ठेवू नका."

"तुम्ही कोण?"

"डिलिव्हरी," तो म्हणाला.

येताना मी रडले, गाडी चालवत, नाक बाहीला पुसत. त्याने रडायला हवे होते, पण तो नुसता थकलेला दिसत होता, पूर्वीसारखा. त्याची परतीची आगगाडी सकाळची होती. त्या रात्री तो दुकानातच झोपणार होता. मी त्याला मीटबॉलचे सूप आणून दिले. तो आईच्या रिकाम्या जागेशी, त्या न लावलेल्या पाटीसमोर, खोक्यावर बसून जेवत होता तेव्हा त्याचा फोन वाजला. आईचा. ती आपणहून कधी करत नसे.

आवाज असा खणखणीत, की मला दारातूनही ऐकू आला.

"युआन, अरे ऐक! थोरल्यानं सीताफळं आणली. एवढी मोठी. मी इथं सगळ्यांना वाटली, तरी उरलीत. म्हटलं नव्हतं मी? करतात रे सगळे. आपण करू द्यावं लागतं."

"गोड आहेत का, आई?"

"साखर नुसती." मग तिचा आवाज उतरला. "तुझ्या तिकडं मिळतात का असली?"

युआनने चमचा खाली ठेवला.

"नाही, आई," तो म्हणाला. "असली नाही मिळत."